खचणारच की माणूस!

‘एवढा मोठा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच की!’ कर्करोगाने घरात पाऊल टाकलं की मागोमाग हे वाक्य येतं. भेटायला आलेले पाहुणे ते म्हणतात, घरची माणसं एकमेकांची समजूत घालताना म्हणतात आणि फार काळ डॉक्टरही तेच म्हणत आले. त्यामागे मायाच असते. पण एखादी गोष्ट साहजिक ठरली की तिच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. केमोथेरपीनंतर ताप आला तर लगेच रक्त तपासलं जातं. तोच रुग्ण दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर ‘साहजिकच आहे’ म्हणत त्याच्या अंगावरचं पांघरूण तेवढं नीट केलं जातं. कर्करोगाच्या रुग्णाला नैराश्याचा वेगळा आजार होऊ शकतो, तो ओळखता येतो आणि त्यावर उपचारही असतात, हे वैद्यकाला नीट उमगायला विसाव्या शतकातली पाऊणशे वर्षं उलटावी लागली.

या दोन दुखण्यांची सांगड मात्र फार जुनी. प्राचीन ग्रीक वैद्यांनी कर्करोगाला ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा हे नाव दिलं; आपल्या ‘कर्क’ शब्दातही तोच खेकडा आहे. विषादाला त्यांनी ‘मेलँकोलिया’ म्हटलं, म्हणजे काळं पित्त. दुसऱ्या शतकात रोममध्ये नावारूपाला आलेल्या गेलन या वैद्याने दोन्ही आजारांचं मूळ या काळ्या पित्तातच असल्याचं सांगितलं. विषण्ण प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, असंही त्याने नोंदवलं. म्हणजे त्याच्या हिशेबात मनाचं दुःख हे आजारामागून येणारं नव्हतं, तेच आजाराला बोलावून आणणारं होतं. काळं पित्त नावाचा रस शरीरात नसतोच हे पुढे कळलं, पण ‘मनात कुढत राहिल्यामुळेच झालं’ हा ठपका काही पुसला गेला नाही. तो आजही रुग्णाच्या उशाशी कुजबुजला जातो.

एकोणिसाव्या शतकात भूल आली, जंतुनाशकं आली आणि कर्करोग शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. यश मोजायचं एकच माप होतं: गाठ पुन्हा आली की नाही. घरी गेलेली बाई आरशासमोर उभी राहते का, चारचौघांत मिसळते का, रात्री झोपते का, याची नोंद ठेवायला केसपेपरवर रकानाच नव्हता.

एक धागा मात्र त्या काळातही हाती लागला होता. १९३१ साली फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ यास्किन यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांविषयी लिहिलं. नैराश्य, अस्वस्थता अशा मनाच्या तक्रारी त्यांच्यात कर्करोगाचं निदान होण्याआधीच दिसल्या होत्या. ही नोंद छोटी असली तरी तिच्यात मोठं कोडं दडलं होतं. ज्याला आपल्याला कर्करोग झाल्याची गंधवार्ताही नाही, तो त्या बातमीने कसा खचेल? शरीरात चाललेली उलथापालथ थेट मनावर उतरत असेल का? हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

तो पडून राहण्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं होतं. ओळखून करायचं काय? नैराश्यावरची औषधंच हाताशी नव्हती. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रोलँड कुन यांनी इमिप्रॅमिनचा परिणाम जगापुढे मांडला, तेव्हा कुठे नैराश्यावर गोळी देता येऊ लागली.

दुसरं कारण होतं मौन. रुग्णाला आजाराचं नावच सांगितलेलं नसेल, तर ‘त्याविषयी तुम्हाला काय वाटतं’ हे विचारणार कसं? १९६१ साली शिकागोच्या डोनाल्ड ओकेन यांनी २१९ डॉक्टरांना याबद्दल विचारलं. कर्करोग झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडेच त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांचा कल होता. रुग्ण हाय खाईल, ही त्यांची भीती. १९७९ मध्ये तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र पार उलटलं होतं. आता ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. मधल्या काळात लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि हॉजकिन्स आजार औषधांना दाद देऊ लागले होते, रुग्णाच्या संमतीचा हक्क कायद्याने मानला जाऊ लागला होता. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेची बातमी लपवली नाही. जो शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जायचा तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला.

हे मौन सुटण्याच्या आधीच न्यूयॉर्कच्या मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात आर्थर सदरलँड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या सुमारास एक छोटं पथक उभं केलं होतं. आतड्याच्या कर्करोगानंतर पोटावर कायमची पिशवी लावून जगणाऱ्या माणसांशी हे पथक सविस्तर बोललं आणि १९५२ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. वासाची भीती, लाज, घराबाहेर पडणं बंद होणं, हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात प्रथमच इतक्या तपशिलाने छापलं गेलं. इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारं केंद्र, सुरू केलं. वेदना हाडामांसाची असते तशी मनाचीही असते, असं त्या तिथे शिकवत. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं मरणासन्न रुग्णांवरचं पुस्तक आलं. त्यांनी सांगितलेल्या पाच अवस्थांपैकी चौथी नैराश्याची होती. मरणाविषयी बोलायला त्यांनी जगाला शिकवलं हे खरंच. पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यातून नको तो अर्थही काढला: नैराश्य ही एक पायरी आहे, ती आपोआप ओलांडली जाईल. ‘साहजिकच आहे’ला आता ग्रंथाचा आधार मिळाला.

या समजुतीला खरा धक्का बसला तो मँचेस्टरमध्ये.

पीटर मॅग्वायर या मानसोपचारतज्ज्ञाने स्तन काढलेल्या ७५ स्त्रियांचा वर्षभर पाठपुरावा केला. तुलनेसाठी त्याने साध्या, निरुपद्रवी गाठीच्या ५० स्त्रिया निवडल्या. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाने पहिल्या गटातल्या चौघींपैकी एकीला नैराश्य किंवा चिंतेसाठी उपचारांची गरज होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण दहांत एक होतं. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. चारांतली एक आजारी होती, म्हणजे तिघी त्या अर्थाने आजारी नव्हत्या. दुःखी होत्या, घाबरलेल्या होत्या, पण सावरत होत्या. कर्करोग झालेला प्रत्येक माणूस नैराश्याचा रुग्ण होत नाही, आणि नेमकं म्हणूनच जो होतो त्याला वेगळं ओळखावं लागतं.

मॅग्वायर तिथेच थांबला नाही. पुढच्या अभ्यासात १५२ स्त्रियांपैकी काहींच्या वाट्याला खास प्रशिक्षित परिचारिका दिली. ती त्यांना भेटायची, घरी जायची, बोलायची. १९८० मध्ये आलेला निकाल चकित करणारा होता. परिचारिकेच्या बोलण्याने, धीर देण्याने नैराश्य टळलं नाही. पण ज्यांना ते आलं त्यांतल्या ७६ टक्के स्त्रिया तिने ओळखल्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवल्या. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण १५ टक्के होतं. वर्ष-दीड वर्षाने तिच्या देखरेखीखालच्या स्त्रियांपैकी १२ टक्के मनाने आजारी होत्या, इतरांपैकी ३९ टक्के. फरक पडला तो ओळखण्यामुळे.

१९७८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या लेखिका सुसान सोंटॅग यांचं ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ त्याच वर्षी आलं. मनात दाबून ठेवलेल्या भावनांमुळे कर्करोग होतो, या त्या काळी बोकाळलेल्या कल्पनेवर त्यांनी हल्ला चढवला. गेलनचा ठपका नव्या भाषेत परतला होता आणि आजाराचं ओझं वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचं गाठोडंही ठेवत होता.

न्यूयॉर्कमध्ये, त्याच मेमोरियल रुग्णालयात, १९७७ साली जिमी हॉलंड रुजू झाल्या. टेक्सासच्या शेतावर वाढलेल्या या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचे पती जेम्स हॉलंड हे रक्ताच्या कर्करोगावर औषधांची मिश्रणं देणाऱ्या आद्य डॉक्टरांपैकी एक. पतीच्या सहकाऱ्यांचं काम त्या जवळून पाहत होत्या. नव्या औषधाने रक्तपेशी किती घटल्या, ताप किती चढला, उलट्या किती झाल्या, हे सगळं टिपलं जायचं. त्या माणसाला वाटतंय काय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. हॉलंड यांनी कर्करोग रुग्णालयात पूर्ण वेळ चालणारा मानसोपचार विभाग उभा केला, १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, १९८९ मध्ये या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ संपादित केला. कर्करोगाच्या रुग्णांच्या मनाकडे पाहणारी सायको-ऑन्कोलॉजी ही शाखा त्यांच्या हाताखाली वाढली. ‘पॉझिटिव्ह राहा’ या सततच्या सल्ल्याचाही रुग्णावर जुलूम होतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. रडू आलं की गाठ वाढेल, या धास्तीने अश्रूही गिळणारी माणसं त्यांनी पाहिली होती.

आता प्रश्न उरला तो मोजमापाचा, आणि तो सोपा नव्हता. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नैराश्याच्या निदानाचे नवे निकष छापले. किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा सगळ्यातून उडालेलं मन, आणि जोडीला भूक, झोप, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी लक्षणं. यातली पहिली चार वाचा. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, ही चारही तो सांगेल. निकष जसेच्या तसे लावले तर अर्धा वॉर्ड नैराश्याचा ठरेल. लक्षणं कर्करोगाच्या खात्यावर टाकली तर खरे रुग्णही सुटून जातील.

या गुंत्यातून दोन वाटा निघाल्या. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये १४ प्रश्नांची एक पत्रिका तयार केली, सात चिंतेचे आणि सात नैराश्याचे. रुग्णालयातल्या माणसासाठी म्हणून त्यांनी शरीराच्या तक्रारी जवळपास बाजूलाच ठेवल्या. नैराश्याच्या प्रश्नांचा भर एकाच गोष्टीवर होता: आनंद घेता येतो का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का, हसू येतं का, पुढच्या एखाद्या गोष्टीची वाट पाहावीशी वाटते का. मराठीत यासाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे. ‘कशात राम वाटत नाही.’ अंगात ताकद नसलेल्या माणसालाही नातवाच्या बोबड्या बोलण्यात राम वाटतो. नैराश्याच्या रुग्णाला वाटत नाही.

दुसरी वाट न्यूयॉर्कच्या जीन एन्डिकॉट यांनी १९८४ मध्ये दाखवली. संशय निर्माण करणारी ती चार लक्षणं काढून त्यांनी चार वेगळी बसवली. भुकेऐवजी चेहऱ्यावरची भीती किंवा उदासी पाहा. झोपेऐवजी माणूस लोकांपासून तुटलाय का, बोलणं कमी झालंय का ते पाहा. थकव्याऐवजी तो कुढत बसतो का, सगळं वाईटच होणार म्हणतो का ते ऐका. एकाग्रतेऐवजी चांगली बातमी, आवडतं माणूस, काहीही समोर आलं तरी तो खुलतच नाही का, हे ताडा. प्रयोगशाळेत न जाता, खाटेशेजारी बसून करता येईल अशी ही तपासणी होती.

त्याच सुमाराला प्रमाणाचाही अंदाज येऊ लागला. १९८३ मध्ये डेरोगेटिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन कर्करोग केंद्रांतले २१५ रुग्ण तपासले. ४७ टक्क्यांना काही ना काही मानसिक विकार होता, त्यातला मोठा वाटा परिस्थितीशी जुळवून घेताना होणाऱ्या तात्पुरत्या त्रासाचा. तीव्र नैराश्याचा भाग त्याहून बराच लहान. २०११ साली अ‍ॅलेक्स मिचेल यांनी प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेले कितीतरी अभ्यास एकत्र केले, तेव्हा कर्करोग विभागांतल्या रुग्णांपैकी साधारण सहांत एकाला नैराश्य असल्याचं दिसलं. १९७८ची मँचेस्टरची पाहणी आणि हे आकडे एकच गोष्ट सांगत होते: बहुसंख्य सावरतात, पण न सावरणारे थोडेथोडके नाहीत.

मग डॉक्टरांना ते दिसत का नव्हते? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ कर्करोगतज्ज्ञांनी आपल्या १,१०९ रुग्णांच्या मनःस्थितीचा अंदाज बांधला आणि तो रुग्णांनी भरलेल्या पत्रिकांशी ताडून पाहिला गेला. ज्यांना काही त्रास नव्हता किंवा किरकोळ होता, त्यांच्याबाबत डॉक्टर ७९ टक्के वेळा बरोबर होते. सर्वात तीव्र लक्षणं असणाऱ्यांच्या बाबतीत अंदाज जुळला तो अवघा १३ टक्के वेळा. डॉक्टरांची भिस्त रडण्यावर आणि उघड दिसणाऱ्या उदासीवर होती. जो रडायचाही थांबला होता, तो ‘शांत आहे, सोसतोय’ या सदरात गेला.

कॅनडात विनिपेगच्या हार्वे चोचिनोव यांनी मात्र साधेपणाची कमाल केली. आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या १९७ रुग्णांना त्यांच्या चमूने वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं. लांबलचक पत्रिकांपेक्षा सरस ठरला तो एकच थेट प्रश्न, तुम्ही उदास आहात का, बहुतेक वेळ? १९९७ साली छापलेल्या त्या अभ्यासात या एका प्रश्नाने प्रत्येक रुग्णाचं निदान बरोबर सांगितलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शून्य ते दहा खुणांची एक कागदी तापमापी काढली. मनस्ताप किती, तिथे रुग्णाने खूण करायची. ‘मानसिक रोग’ हा शब्द ऐकून दूर पळणारी माणसंही मनस्तापाच्या आकड्यावर बोट ठेवायला तयार होत.

यास्किनच्या कोड्याचाही एक धागा उकलला. काळ्या चामखिळीसारख्या गाठींच्या घातक कर्करोगावर, मेलानोमावर, इंटरफेरॉन-अल्फा हे औषध जास्त मात्रेत दिलं जायचं, आणि त्या औषधानेच अनेकांना नैराश्य येई. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी असे ४० रुग्ण निवडले आणि निम्म्यांना आधीपासूनच नैराश्यविरोधी गोळी सुरू केली. २००१ मधला त्यांचा निकाल असा: नुसती रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, औषध घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना. आजार तोच, बातमी तीच. फरक होता तो रसायनाचा. अशा रुग्णाला ‘मन खंबीर ठेवा’ म्हणणं म्हणजे मधुमेह्याला साखर मनाने आवरायला सांगणं.

आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या, त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी यांच्या विश्वस्त निधीने पुढे हे काम उभं केलं. देशभरातून तिथे माणसं येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करतात. १९८६ साली मुंबईतच वांद्र्याला देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, सुरू झालं; पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी भारतीय रुग्णांच्या मनाचा अभ्यास केला. आपल्याकडची अडचण पाश्चात्यांपेक्षा थोडी निराळी आहे. इथे रुग्ण एकटा येत नाही. सोबत मुलगा, जावई, वहिनी असते, आणि दाराबाहेरच डॉक्टरांना सांगितलं जातं, ‘बाबांना नाव सांगू नका, ते खचतील.’ बाबांना बहुधा कळलेलं असतं. मुलं खचतील म्हणून तेही बोलत नाहीत. दोघंही एकमेकांना जपतात आणि त्या जपण्यात नैराश्याला मुकाट वाढायला जागा मिळते.

ओळख पटल्यावर उपचार पोचतात का, ही शेवटची कडी स्कॉटलंडने तपासली. तिथल्या कर्करोग दवाखान्यांत २१ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी झाली. नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना पुरेसा उपचार मिळत नव्हता. मग ५०० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांसाठी प्रशिक्षित परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर यांची एक साखळी बांधली गेली. औषधं बदलायची, अडचणी एकेक करून सोडवायच्या, दिवसात पुन्हा थोडी कामं भरायची. २०१४ मध्ये निकाल आला. २४ आठवड्यांनी साखळीतल्या ६२ टक्के रुग्णांचं नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. नेहमीच्या उपचारांत १७ टक्क्यांचं. मॅग्वायरच्या परिचारिकेने सुरू केलेलं काम चौतीस वर्षांनी पूर्ण रूपात उभं राहिलं.

आपल्या ओपीडीत ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘बरं आहे’ असं उत्तर येतं, आणि पुष्कळदा ते मुलगाच देतो. म्हणून प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारावा लागतो, आणि तो झोपेचा, जेवणाचा असून भागत नाही. सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा मनात काय येतं? नातवंडं फोनवर आली की बोलावंसं वाटतं का? देवपूजा, मालिका, अंगणातली झाडं, यांतलं काय सुटलं? जगणं नकोसं वाटतं का, हेही विचारावं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा होते. ‘दमायला होतं, पण नात आली की बरं वाटतं,’ असं उत्तर आलं तर ते बहुधा दुःख आहे, त्याला सोबत हवी. ‘आता कशातच राम वाटत नाही,’ असं आलं आणि पंधरा दिवस तसंच चाललेलं असेल, तर कर्करोगाच्या नावाखाली त्याच केसपेपरवर दुसऱ्या आजाराचं नाव लिहायची आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्यायची वेळ झालेली असते.